बाळंतिणीची ॲसिडिटी आणि गोळीच्या नावामागची अक्षरे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्तनपान सप्ताह येतो आणि चिकदुधापासून ‘सहा महिने निव्वळ आईचे दूध’पर्यंत सगळे छापून येते. बाळंतिणीचे पोट बिघडले तर तिने काय घ्यावे, हे मात्र सहसा येत नाही. मग तो प्रश्न मेडिकलच्या काउंटरवर सुटतो, आणि पुष्कळदा उलटा सुटतो. ज्या औषधाने बाळाला काही होत नाही त्याच्या धास्तीने दोन-दोन दिवस दूध तोडतात, आणि ज्याला खरोखर जपायला हवे ती गोळी ‘साधी पोटदुखीची’ म्हणून बिनदिक्कत घेतात.

जळजळीवरची पातळ औषधे, म्हणजे ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडची, डायजीन-जेलुसिलच्या जातीची, रक्तातच फार थोडी उतरतात, मग दुधात कुठून यायची? त्यांतले गॅसवरचे सिमेथिकोन तर आतड्यातून शोषलेच जात नाही. कॅल्शियम कार्बोनेटच्या चघळायच्या गोळ्याही चालतात. फसफसणारी पुडीही बाळाच्या दृष्टीने ठीक, पण तिच्यात खाण्याचा सोडा असतो आणि एका ५ ग्रॅमच्या पुडीतून अर्ध्या ग्रॅमहून अधिक सोडियम पोटात जाते. गरोदरपणात ज्यांचे बीपी वाढले होते त्यांनी ती रोजची सवय करू नये.

जठरातले आम्लच कमी करणाऱ्या पँटोप्राझोल आणि ओमेप्राझोल या गोळ्यांचा दुधात येणारा अंश वजनाच्या हिशेबाने आईच्या मात्रेच्या साधारण एक टक्का किंवा त्याहूनही कमी भरतो. दहा टक्क्यांच्या आतले औषध निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळाला सहसा चालते, असा तज्ज्ञांचा ठोकताळा आहे. शिवाय ही औषधे आम्लात टिकत नाहीत, म्हणून तर गोळीला आवरण असते. दुधातून गेलेल्या अंशाला आवरण नसते, त्यामुळे त्यातला बराचसा बाळाच्या जठरातच निकामी होतो. ॲसिडिटीचे जुने औषध रॅनिटिडीन मात्र आता मागायचे कारण उरलेले नाही. त्यात एनडीएमए ही कर्करोगाशी जोडली गेलेली अशुद्धी सापडल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०२० मध्ये ते बाजारातून मागे घ्यायला सांगितले, आणि आपल्या २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीतूनही ते वगळले गेले. त्याच गटातले फॅमोटिडीन दुधात त्याहून कमी उतरते.

ॲसिडिटीच्या औषधाचा खरा घोळ दुधात नसून आईच्या रक्तात होतो, आणि त्याकडे जवळजवळ कुणाचेच लक्ष नसते. सरकारी कार्यक्रमानुसार प्रसूतीनंतर १८० दिवस रोज एक लोहगोळी (६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड) आणि सहा महिने दिवसातून दोनदा ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम घ्यायचे असते. लोहाने जळजळते आणि मलावरोधही होतो. मग बाई जळजळीचे पातळ औषध घेते, ते लोहाला आतड्यात अडवते आणि चार महिन्यांनी हिमोग्लोबिन होते तिथेच. गोळ्या तर नेमाने घेतल्या, असे ती सांगते, आणि ते खरेही असते! पातळ औषध जेवणानंतर तासाभराने घ्यायचे असते आणि लोहाची गोळीही दुपारी जेवण झाल्यावरच घ्यायची पद्धत आहे. टक्कर तिथे होते. त्यापेक्षा कॅल्शियम सकाळच्या नाश्त्याबरोबर आणि रात्रीच्या जेवणाबरोबर घ्यावे, लोह सकाळी अकराच्या सुमारास लिंबूपाण्यासोबत घ्यावे, आणि लोहाच्या आधी-नंतर दोन तास जळजळीचे औषध, कॅल्शियम किंवा चहा घेऊ नये. तरीही लोह सोसत नसेल तर डॉक्टरांकडून प्रकार बदलून घ्यावा, गोळी परस्पर बंद करू नये. डिंकाचे लाडू आणि तुपातली अळिवाची खीर रात्री नऊला खाऊन लगेच आडवे झाले तर छातीत जळजळणारच. तो खुराक सकाळी हलवला तर निम्म्या गोळ्या वाचतील.

आता नावामागच्या अक्षरांविषयी. काउंटरवर ‘ॲसिडिटीची गोळी’ मागितली की अनेकदा नुसते पँटोप्राझोल मिळत नाही. नावाला ‘डी’ किंवा ‘डीएसआर’ चिकटलेले असेल तर आत बहुधा डोम्पेरिडोन हे उलटीवरचे औषध असते, एका कॅप्सूलमध्ये ३० मिलिग्रॅम. युरोपच्या औषध नियामकाने २०१४ मध्ये मोठ्या माणसासाठी दिवसाची कमाल मर्यादा तेवढीच ठरवली, तीही साधारण आठवडाभरापुरती. आपल्याकडे ती कॅप्सूल सकाळच्या चहाआधी महिनोन्‌महिने चालते. डोम्पेरिडोन दुधात फार थोडे येते. धोका आईच्या हृदयाच्या ठोक्यांच्या लयीला असतो. स्तनाग्राला बुरशी झाली म्हणून फ्लुकोनाझोल चालू असेल, किंवा घशासाठी एरिथ्रोमायसिन-क्लॅरिथ्रोमायसिन, तर त्यांच्यासोबत ‘डी’ घेऊच नये. ‘डी’ चालू असताना वर उलटीची म्हणून डोम्पेरिडोनचीच आणखी एक गोळी घेणेही चूक. ‘एल’ किंवा ‘एलएस’ असेल तर बहुधा लिव्होसल्पिराइड. मोठ्या मात्रेत ते मानसिक आजारांवर दिले जाते, दुधात बऱ्यापैकी उतरते, आणि निव्वळ ढेकरांसाठी अंगावर पाजणाऱ्या आईने ते घेण्यात काही अर्थ नाही.

मुरडा आला की मिळणारी ‘स्पास’ गोळी हा सर्वांत काळजीचा भाग. तिच्यात सहसा मेफेनॅमिक ॲसिड हे वेदनाशामक २५० मिलिग्रॅम आणि मुरडा सैल करणारे डायसायक्लोमिन १० मिलिग्रॅम असते. मेफेनॅमिक दुधात फारसे उतरत नाही. अडचण डायसायक्लोमिनची आहे. हे औषध थेट दिलेल्या तान्ह्या बाळांना श्वासाचा त्रास झाल्याच्या नोंदी आहेत, म्हणून अमेरिकेतल्या अधिकृत माहितीपत्रकात सहा महिन्यांखालील बाळ आणि स्तनपान देणारी आई या दोघांनाही ते वर्ज्य म्हटले आहे. त्यातच बाळ कळ येऊन रडते म्हणून त्याला पोटदुखीचे थेंब दिले आणि त्यांतही डायसायक्लोमिन निघाले, तर बाळाला ते दोन्हीकडून मिळते. थेंबांच्या खोक्यावरचे घटक वाचायला अर्धा मिनिट लागतो. आईसाठी गरम पाण्याची पिशवी आणि पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम बहुतेक वेळा पुरते; पुरले नाही तर डॉक्टर हायोसिन ब्युटिलब्रोमाइड देऊ शकतात, ते आतड्यातून फारच कमी शोषले जाते.

जुलाबात पहिले औषध ओआरएस. मोठी पुडी एक लिटर पाण्यात, लहान पुडी २०० मिलीत, आणि पुडी पूर्णच रिकामी करायची. अंदाजाने अर्धी पुडी पेल्यात टाकली की कधी मीठ जास्त होते, कधी काहीच होत नाही. जुलाब थांबवणारे लोपेरामाइड दुधात नगण्य येते, त्यामुळे प्रवासापुरती २ मिलिग्रॅमची एखादी गोळी घ्यायला हरकत नाही; ताप किंवा शौचात रक्त असेल तर मात्र घेऊ नये. जुलाब म्हटल्याबरोबर पुढे सरकवली जाणारी, नावात ‘टीझेड’ किंवा ‘ओझेड’ असलेली प्रतिजैविकाची जोडगोळी नाकारावी. बहुतेक साध्या जुलाबांना तिची गरज नसते. ‘टीझेड’मधल्या टिनिडाझोलनंतर शेवटच्या मात्रेपासून तीन दिवस बाळाला पाजू नये अशी अमेरिकी माहितीपत्रकाची सूचना आहे, आणि हे पट्टी देताना कुणी सांगत नाही. आईला जुलाब झाले म्हणून दूध तोडायचे तर मुळीच कारण नाही. हात साबणाने धुवावेत, पाजत राहावे.

मलावरोधाला इसबगोल मोठा पेलाभर पाण्याबरोबर (कमी पाण्याने तो आतच घट्ट होतो), किंवा लॅक्ट्युलोज. दोन्ही चालतात. एरंडेल आणि सोनामुखी घातलेली तयार चूर्णे टाळावीत. सोनामुखीची प्रमाणित गोळी एखाद वेळ चालेल, पण चूर्णाच्या चमच्यात ती किती आली हे कळत नाही.

एका दुखण्याला ॲसिडिटी समजूच नये. प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांत पोटाच्या वरच्या भागात किंवा उजव्या बरगडीखाली कळ, सोबत डोके ठणकणे किंवा डोळ्यांपुढे अंधारी, असे झाले तर आधी बीपी मोजून घ्यावे. गरोदरपणातला रक्तदाबाचा विकार बाळंतपणानंतरही उसळतो, आणि पातळ औषधाच्या बाटलीने त्यातले मोलाचे तास जातात.

लेकी-सुनांच्या बाळंतपणाला अमेरिकेत जाणाऱ्या आज्यांच्या बॅगेत ‘स्पास’च्या पट्ट्या असतात, म्हणून हेही सांगायला हवे. त्या इथेच ठेवाव्यात. तिथे दुकानात मिळणारे पेप्टो-बिस्मॉल हे पोटाचे गुलाबी औषधही पाजणाऱ्या आईने टाळावे, कारण त्यात ॲस्पिरिनच्या कुळातले सॅलिसिलेट असते. कॅल्शियम कार्बोनेट आणि फॅमोटिडीन तिथेही चिठ्ठीशिवाय मिळते.

आपल्याकडे बिनचिठ्ठीच्या औषधांचा असा वेगळा कायदेशीर वर्ग अजून नाही. पट्टीवर उभी लाल रेघ असली की चिठ्ठी लागते, मग काउंटरवर ती कितीही सहज मिळो. औषध विक्रेत्यांच्या संघटनांनी आपल्या सभासदांना एवढेच सांगावे, की पोटाची गोळी मागायला आलेल्या प्रत्येक तरुण बाईला, किंवा तिच्यासाठी आलेल्या माणसाला, दोन प्रश्न विचारा: बाळ अंगावर पितंय का, आणि किती महिन्यांचं आहे?

आपले,
औषधनिर्माणशास्त्राचे दोन अध्यापक, सातारा