गौरीपूजनाच्या रात्री काय झालं होतं

पुणे,
२० सप्टेंबर २०२५

ती. आई आणि ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की आई, तुझा आवाज भरून येतो, आणि बाबा, तुम्ही "बरं, बरं" म्हणून फोन ठेवता. दोन आठवडे असंच चाललंय, म्हणून लिहायला बसले. पत्र बाबांना चष्मा लावून सावकाश वाचता येईल, तुलाही वाचून दाखवता येईल.

गौरीपूजनाची रात्र माझ्याही डोळ्यांपुढून जात नाही. पाहुणे गेले, घावन-घाटल्याची ताटं उचलून झाली, आणि सोमवार, म्हणजे इंजेक्शनचा वार असल्यामुळे मी आतल्या खोलीत जाऊन दाराला कडी लावली. मांडीत इंजेक्शन घेतलं. सुई काढून कापूस धरते न धरते तोच तोंड तापलं, छाती आवळल्यासारखी झाली, काळीज धाडधाड उडायला लागलं, श्वास पुरेना. कशीबशी कडी काढली. आई, तू कांदा फोडून माझ्या नाकाशी धरलास, मग मीठ-मोहरीनं दृष्ट काढलीस. बाबा अनवाणी पाखाडी चढून वर रिक्षा बघायला धावले. ते परत येईपर्यंत सगळं ओसरलं होतं. दहा-बारा मिनिटांचा खेळ. तुम्ही विचारलंत तेव्हा मी "काही नाही, होतं असं कधी कधी" म्हणून अंथरुणावर पडले. ते माझं चुकलं. तुम्हाला तेव्हाच नीट सांगायला हवं होतं. कडी लावायलाही नको होती.

आता सांगते. माझ्या मल्टिपल स्क्लेरोसिसच्या, म्हणजे या मज्जातंतूंच्या आजाराच्या, औषधाचं नाव ग्लॅटिरॅमर ॲसिटेट. ते घेतल्या घेतल्या काही जणांना अगदी असंच होतं: तोंड लाल होतं, छातीत दुखतं, धडधडतं, जीव घाबरतो. रोज २० मिलिग्रॅम घेणाऱ्या रुग्णांच्या चाचण्यांत साधारण १६ टक्के लोकांना कधी ना कधी हे झालं होतं. मी ४० मिलिग्रॅम आठवड्यातून तीनदा घेते, त्यात हे प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास आहे. बहुतेकांचं ते काही मिनिटांत आपोआप जातं, मागे काही ठेवत नाही. पहिल्याच दिवशी होईल असंही नाही. मला चार वर्षांनी पहिल्यांदा झालं.

पण अर्धंच सांगून तुम्हाला धीर द्यायचा नाहीये. मी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन केला तेव्हा त्यांनी बुधवारचा डोस थांबवला आणि आधी येऊन भेटायला सांगितलं. भेटल्यावर बरंच काही विचारलं: अंगावर गांधी उठल्या होत्या का, ओठ सुजले होते का, आवाज बसला होता का. यातलं काहीच नव्हतं. मग त्यांनी सांगितलं की याच वर्षी जानेवारीत अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी या औषधाच्या माहितीपत्रकात सर्वांत कडक इशारा छापायला लावला आहे. फार थोड्या लोकांना याची जिवावर बेतणारी ॲलर्जी येते, तिला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. औषध १९९६ साली बाजारात आल्यापासून मे २०२४ पर्यंत जगभरातून अशा ८२ जणांची नोंद त्यांच्याकडे झाली होती, आणि त्यातले ६ जण दगावले. बहुतेकांना इंजेक्शननंतर तासाभरातच त्रास सुरू झाला. काहींना औषध सुरू करून वर्षं उलटल्यावर.

आई, हे वाचून तू देवापुढे बसशील हे मला ठाऊक आहे. पण आधी पुढचं वाच. मला सगळ्यांत महत्त्वाचं तेच सांगायचंय.

या दोन गोष्टी सुरुवातीला सारख्याच दिसतात. साधी असेल तर ती काही मिनिटांत उतरणीला लागते. ॲलर्जी असेल तर वाढत जाते. म्हणून बाबा, यापुढे मला काही झालं तर पहिलं काम तुमचं: मनगटावरच्या घड्याळात किती वाजले ते बघा. नुसतं तोंड लाल आणि धडधड असेल तर मला बसू द्या, पंख्याखाली, कुणीही गर्दी न करता. पण त्रास पहिल्यापासूनच जोराचा असेल, कमी होण्याऐवजी वाढत असेल, किंवा काही मिनिटं गेली तरी जायचं नाव घेत नसेल, तर थांबायचं नाही. अंगभर गांधी, ओठ-जीभ-घसा सुजणं, श्वासाला घरघर, आवाज घोगरा होणं, उलट्या, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काही दिसलं तर घड्याळही बघायचं नाही. सरळ १०८ ला फोन. "इंजेक्शनची ॲलर्जी आली आहे, श्वास लागतोय" हे शब्द सांगा. त्यावर खरं औषध ॲड्रेनलिनचं इंजेक्शन, ते मांडीत देतात, आणि ते जितकं लवकर मिळेल तितकं बरं. अंगावर पित्त उठल्यावर घेतो ती कपाटातली गोळी देऊन वाट बघत बसू नका. गोळीला चढायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ हातात नसतो.

आणखी एक. मला उभं करू नका, चालवू नका. आपल्या पाखाडीत गाडी उतरत नाही आणि तुम्ही मला धरून वर न्यायला बघाल, तसं करू नका. आडवं झोपवून पायांखाली उशी द्या. श्वास फारच लागत असेल तर पाय लांब करून बसू द्या. रस्त्यापर्यंत न्यायचं झालं तर वाडीतल्या दोन पोरांना हाक मारून खुर्चीतून न्या. पाणी, साखर, चहा तोंडात घालू नका. दृष्ट नंतर काढ आई, खुशाल काढ, मला ते आवडतंच. पण आधी फोन.

मीही काही गोष्टी बदलल्या आहेत. थांबवलेल्या डोसनंतरचा पहिला डोस डॉक्टरांनी दवाखान्यात घ्यायला लावला आणि तासभर समोर बसवून ठेवलं. काही झालं नाही. आता घरी घेते तेव्हा कडी लावत नाही, घरात कुणीतरी असतानाच घेते आणि पुढचा तासभर एकटी राहत नाही. अंघोळीलाही जात नाही.

"बंद कर ते इंजेक्शन," असं तू म्हणालीस. तुझ्या जागी मीही तेच म्हटलं असतं. पण २०२१ चा चैत्र आठव. हळदीकुंकवाला बायका आल्या होत्या आणि मी तुला म्हटलं होतं की आज तुझं कुंकू वेगळं दिसतंय. मी आळीपाळीनं एकेक डोळा झाकून बघत होते. डाव्या डोळ्याला ते लालभडक दिसे, उजव्याला विटकरी, धुतल्यासारखं. डोळा फिरवला की आत ठणका लागे. तेव्हा वाटलं चष्म्याचा नंबर बदलला असेल. नंतर एमआरआय झाला, कण्यातलं पाणी काढलं, पाच दिवस सलाईनमधून स्टेरॉइड दिलं, आणि मल्टिपल स्क्लेरोसिस हे नाव घरात आलं.

बाबा, तुम्ही आयुष्यभर खांबावर चढलात, तुम्हाला हे चटकन कळेल. मज्जातंतूंवर मायलिन नावाचं वेष्टन असतं, वायरवर असतं तसं. माझ्या शरीराची प्रतिकारशक्ती त्या वेष्टनालाच परकं समजून कुरतडते. वेष्टन गेलं की करंट नीट जात नाही, कधी डोळ्याचा, कधी पायाचा. थोडं वेष्टन पुन्हा चढतं, पण प्रत्येक झटक्यानंतर, म्हणजे आजार असा उसळून गेल्यावर, सगळं जागेवर येईलच असं नाही. हे औषध त्या कुरतडणाऱ्या पेशींना आवरतं. त्याची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. इस्राएलमधल्या वाइझमन संस्थेत चार अमिनो आम्लांची माळ करून मायलिनच्या प्रथिनासारखं काहीतरी बनवलं होतं, प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना असाच आजार मुद्दाम आणता यावा म्हणून. झालं उलटंच. प्राणी आजारी पडायच्या ऐवजी वाचायला लागले.

माझा आजार यानं बरा होणार नाही. पण ४० मिलिग्रॅमच्या मोठ्या चाचणीत, वर्षभरात, औषध घेणाऱ्यांना नुसतं पाणी टोचलेल्यांपेक्षा ३४ टक्के कमी झटके आले. मला चार वर्षांत एकच आला. माझ्यासाठी हे पुष्कळ आहे. धोका ओळखता येतो आणि त्यावर उपाय आहे, म्हणून मी घेत राहणार. गेलेली नजर मात्र परत येईलच असं कुणी सांगू शकत नाही. आणि आई, तू जे दर फोनला आडून विचारतेस, त्याचाही विचार औषध निवडताना झालाय. गर्भारपणात वापरल्याचा अनुभव या औषधाचा या आजारातल्या बहुतेक औषधांपेक्षा जास्त आहे. आम्ही ठरवू तेव्हा सगळ्यांत आधी तुलाच सांगू.

गुळवेलीचं मात्र ऐका. बाबा, तुम्ही कुंपणावरची वेल तोडून माझ्यासाठी वाळवून ठेवली आहे, प्रतिकारशक्ती वाढेल म्हणून. माझी प्रतिकारशक्ती कमी नाही, ती भलत्या जागी हल्ला करतेय, तिला आणखी चेव आणायचा नाही. शिवाय करोनाच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं होतं. माझ्या औषधानंही क्वचित यकृताला त्रास होतो, म्हणून काविळीची लक्षणं दिसली तर लगेच यायला सांगितलंय. दोन्ही एकत्र नकोत. तुम्ही माझ्यासाठी उन्हात बसून ती वेल चिरलीत, ते मी विसरणार नाही.

फ्रीजचंही एकदा लिहून ठेवते. मे महिन्यात तू माझा खोका बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवलास, छान गार राहावा म्हणून, आणि चारही सिरिंज गोठल्या. तुझा काही दोष नव्हता, मीच सांगितलं नव्हतं. गोठलेलं औषध वितळलं तरी वापरायचं नाही, टाकूनच द्यायचं. त्याला २ ते ८ अंश लागतात, म्हणून मधल्या फळीवर, मागच्या भिंतीला न टेकवता, खोक्यातच ठेव, उजेडही लागू द्यायचा नाही. लाईट गेली तर घाबरू नको, फ्रीज उघडू नको. १५ ते ३० अंशांत ते महिनाभरसुद्धा टिकतं, फक्त आपल्याकडच्या उन्हाळ्याचा भरवसा नाही. घ्यायच्या आधी वीसेक मिनिटं बाहेर काढून ठेवते, गार औषध जास्त चुरचुरतं. गरम पाण्यात बुडवून द्यायचं नाही.

सिरिंजमधला बुडबुडा बघून तू ओरडली होतीस. हे इंजेक्शन शिरेत जात नाही, कातडीखालच्या चरबीत जातं, तो छोटा बुडबुडा काही करत नाही. उलट तो काढायला गेलं तर औषध सांडतं. औषध गढूळ दिसलं किंवा आत कण दिसले, तरच टाकायचं.

मांडीवरचा खड्डा तू पाहिलास. पहिल्या वर्षी मी सोयीची म्हणून तीच जागा धरली, तिथली चरबी झिजली, आणि ती बहुधा भरून येत नाही. आता वहीत जागा लिहून ठेवते: दोन्ही दंड, दोन्ही मांड्या, दोन्ही कुल्ले, पोट. एकाच जागी आठवड्यात दोनदा नाही. टोचल्यावर चोळायचंही नाही. दोन डोसांत ४८ तास हवेतच, म्हणून एखादा चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊन भरपाई करायची नसते. उपास असो, पाळी असो, सण असो, वार चुकवत नाही.

आणि वापरलेली सुई परसातल्या कचऱ्यात नको. बाबा माडांच्या आळ्यात अनवाणी पालापाचोळा ओढतात, मला त्याचीच भीती वाटते. टोपण परत लावायला जाऊ नका, बोटाला लागते. तेलाचा जाड प्लास्टिकचा रिकामा कॅन ठेवून दे, त्यात टाकू. भरला की मी इथे दवाखान्यात देते, त्यांच्याकडे सुयांचा वेगळा पांढरा डबा असतो.

मी वसुबारसेला पोचते. तो शुक्रवार आहे, म्हणजे त्या रात्री इंजेक्शन आहे. बाबा, जेवणं झाली की घड्याळ लावून माझ्याजवळ बसा. आणि आई, दर वेळी तू तोंड फिरवून स्वयंपाकघरात जातेस, या वेळी जाऊ नको. उजव्या दंडाच्या मागे माझा हात पोचत नाही, वहीत ती जागा कधीची रिकामी आहे. तिथली कातडी चिमटीत कशी धरायची ते मी तुला दाखवीन.

तुमची,
ताई