पेट्रोलच्या पावतीवर कराची फोड छापा

महोदय,

पेट्रोल महागले की केंद्राची बाजू घेणारे राज्याच्या व्हॅटवर बोलतात आणि राज्याची बाजू घेणारे केंद्राच्या उत्पादन शुल्कावर. दोघेही अर्धेच सांगतात. लोकांचा संताप खरा आहे, पण तो पक्षापक्षांत वाटला गेल्यामुळे नेमका हिशोब कुणीच मागत नाही. तो मागता यावा म्हणून हे पत्र.

आधी केंद्राकडे पाहू. फेब्रुवारी २०२१च्या अर्थसंकल्पानंतर साध्या पेट्रोलवर केंद्राचा कर लिटरमागे ३२ रुपये ९० पैसे होता. मूळ उत्पादन शुल्क १.४०, विशेष अतिरिक्त उत्पादन शुल्क ११, रस्ते व पायाभूत सुविधा उपकर १८ आणि कृषी पायाभूत सुविधा उपकर २.५० अशी त्याची फोड. राज्यांबरोबर वाटून घ्यायचा भाग यातला फक्त पहिला. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांचा वाटा ४१ टक्के ठरवला. १.४०चे ४१ टक्के म्हणजे ५७ पैसे, आणि तेही सगळ्या राज्यांनी मिळून. उरलेले ३२ रुपये ३३ पैसे केंद्राकडे.

यात बेकायदा काही नाही. घटनेच्या अनुच्छेद २७० प्रमाणे उपकर आणि अधिभार वाटपाच्या रकमेत धरलेच जात नाहीत, आणि वरचे विशेष अतिरिक्त शुल्क हाही अधिभारच. गोम तिथेच आहे. मूळ शुल्क घटवून तेवढाच उपकर लावला तर पंपावरचा दर तसाच राहतो, ग्राहकाला काही कळत नाही आणि राज्यांचा वाटा मात्र जातो. २०२१ मध्ये कृषी उपकर आला तेव्हा हेच झाले. मूळ शुल्क २.९८ वरून १.४० वर आणि विशेष शुल्क १२ वरून ११ वर आणून उपकराला जागा करून दिली गेली. रस्ते उपकराच्या निधीतून राज्यांतल्या कामांनाही पैसे मिळतात, हे सांगायला हवे. पण ते कामनिहाय मंजुरीने मिळतात, हक्काने नाही.

उपकर ज्या कामासाठी घेतला त्याच कामाला लागावा, एवढी तरी अपेक्षा असते. महालेखापरीक्षकांच्या (कॅग) अहवालानुसार २०१८-१९ मध्ये ३५ उपकर व इतर आकारांतून सुमारे २ लाख ७४ हजार कोटी रुपये जमले आणि त्यांतले १ लाख ६४ हजार कोटीच संबंधित राखीव निधींत गेले. पगारदाराचा प्राप्तिकर ५०,००० रुपये असेल तर त्यावर ४ टक्क्यांनी २,००० रुपये आरोग्य व शिक्षण उपकर भरावा लागतो. फॉर्म १६ वर ही रक्कम स्वतंत्र ओळीत येते. तिचे पुढे काय झाले, हे मात्र त्याला कुणी कळवत नाही.

आता आपले राज्य. महाराष्ट्रात पेट्रोलवर टक्केवारीने व्हॅट आणि त्यावर लिटरमागे ठोक रक्कम, असे दोन भाग आहेत. २०२४च्या अर्थसंकल्पात मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईतला पेट्रोलवरचा व्हॅट २६ वरून २५ टक्क्यांवर आला, ठोक ५ रुपये १२ पैसे तसेच राहिले. हे टक्के मोजले जातात केंद्राचे शुल्क मिळवून होणाऱ्या किमतीवर, म्हणजे करावर कर. केंद्राने शुल्क एक रुपयाने वाढवले की राज्याच्या वाट्याला सुमारे २५ पैसे आपोआप येतात. केंद्राच्या दरवाढीचा निषेध करणारे राज्य सरकारही त्या वाढीतून कमावत असते.

शुल्क उतरले की उलटे घडते. २१ मे २०२२ रोजी केंद्राने पेट्रोलवर ८ आणि डिझेलवर ६ रुपये कमी केले. दुसऱ्या दिवशी राज्याने व्हॅटमध्ये २.०८ आणि १.४४ रुपयांची कपात जाहीर केली. मुंबईत तेव्हा पेट्रोलवर २६ आणि डिझेलवर २४ टक्के व्हॅट होता. ८चे २६ टक्के २.०८ होतात, ६चे २४ टक्के १.४४. सूत्राप्रमाणे आपसूक उतरणारा आकडाच कपात म्हणून सांगितला गेला. जुलै २०२२ मध्ये नव्या सरकारने ५ आणि ३ रुपये कमी केले, तो मात्र स्वतंत्र निर्णय होता. पण याच ठोक रकमेत २०१५ मध्ये दुष्काळ निवारणासाठी २ रुपयांची भर पडली होती. दुष्काळ सरल्यावरही आकडा कमीजास्त होत १० रुपये १२ पैशांपर्यंत पोचला. मार्च २०२०च्या अर्थसंकल्पात दुसऱ्या आघाडीच्या सरकारनेही रुपया वाढवला. म्हणून या प्रश्नावर कोणत्याही एका झेंड्याखाली उभे राहण्यात अर्थ नाही.

‘पेट्रोल जीएसटीत आणा’ ही मागणीही अशीच अर्धवट मांडली जाते. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. अनुच्छेद २७९अ प्रमाणे पेट्रोलवर जीएसटी कधीपासून लावायचा ती तारीख जीएसटी परिषदेने सुचवायची आहे. परिषदेत ठरावाला तीन चतुर्थांश मतांचे वजन लागते आणि केंद्राकडे एक तृतीयांश आहे. केंद्राने ठरवले तर ते एकटे अडवू शकते, राज्ये बहुसंख्येने विरोधात गेली तर तीही अडवू शकतात. सप्टेंबर २०२१च्या लखनौ बैठकीत विषय निघाला आणि ‘ही वेळ नव्हे’ म्हणून बाजूला ठेवला गेला. तोवर मालवाहतूकदाराला डिझेलवरच्या कराची वजावट मिळत नाही, तो कर भाड्यात चढतो आणि भाजीच्या दरात येतो.

आमची मागणी साधी आहे. वीजबिलावर स्थिर आकार, वहन आकार आणि घरगुती ग्राहकाचे १६ टक्के वीज शुल्क वेगवेगळे छापलेले असते. जीएसटीच्या बिलावर केंद्र आणि राज्याचा वाटा वेगळा दिसतो. पेट्रोलच्या पावतीवर मात्र दर, लिटर आणि रक्कम एवढेच. तीवर चार ओळी वाढवाव्यात: इंधनाची किंमत व वाहतूक, विक्रेत्याचे कमिशन, केंद्राचा कर आणि त्यातला राज्यांशी वाटला जाणारा भाग, राज्याचा व्हॅट. तेल कंपन्या दिल्लीच्या दराची अशी फोड प्रसिद्ध करतातच. ती आपल्या कामाची नाही, कारण तिथला व्हॅट वेगळा आहे. जून २०१७ पासून दर रोज सकाळी सहाला ठरवण्याची पद्धत आहे, म्हणजे कंपनीकडून पंपापर्यंत आकडा रोज पोचतो. त्याच्यासोबत आणखी चार आकडे पाठवायचे आहेत. पावतीचा कागद अपुरा पडत असेल तर दर आणि घनता लिहितात त्या फलकावर ते लिहावेत, आणि कपात जाहीर करताना सरकारने त्यात केंद्राच्या शुल्कामुळे उतरलेले पैसे किती व स्वतः सोडलेले किती, हे अधिसूचनेतच नमूद करावे.

— एक वाचक