अग्निरोधक लेप: डबा नव्हे, वजन तपासा

महोदय,

हॉल, हॉटेलांतल्या लाकडी पॅनेलिंगवर ‘फायरप्रूफ कोटिंग’ मारल्याचे सांगितले जाते. मुळात लाकूड फायरप्रूफ होत नाही. चांगला लेप उष्णतेने फुगून कोळशासारखा फेसाळ थर बनवतो आणि पेट घेणे लांबवतो. तो थर पुरेसा जाड हवा. डब्यावर चौरस मीटरला 300 ग्रॅम लिहिले असेल, तर 40 चौरस मीटरला 12 किलो लागणारच. बिलात 5 किलो दिसले की समजावे, नुसता हात फिरवला आहे.

जुने मेलामाइन (लाकडावरचा चकचकीत थर) किंवा पॉलिश पूर्ण घासून काढल्याशिवाय लेप धरत नाही, पापुद्रे सुटतात. प्लायच्या कापलेल्या कडा आणि पॅनेलमागच्या पोकळीकडची बाजू बसवण्यापूर्वीच रंगवावी. आग तिथूनच आत शिरते. वरून चकाकीसाठी वाटेल ते पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश मारू नये, थर फुगायला अडतो. लेपाऐवजी मारलेले बोरॅक्स-बोरिक ॲसिडचे स्वस्त द्रावण ओल्या फडक्याने, दमटपणाने हळूहळू निघून जाते.

आणखी एक गैरसमज: आयएस 710 या भारतीय मानकाचा मरीन प्लाय पाण्याला टिकतो, आगीला नव्हे. आगीसाठी आयएस 5509चा शिक्का पाहावा.

– लाकूडकामातील काही कंत्राटदार, पुणे