कॅबिनेट छोटे करा, पण एसएमपीएसची जागा आधी मोजा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

टेबलाच्या कोपऱ्यात मावेल एवढा छोटा पण ताकदवान संगणक स्वतः जुळवून घेण्याची हौस आता आपल्याकडेही चांगलीच रुजली आहे. मनासारखे तयार कॅबिनेट मिळाले नाही, तर तरुण मंडळी लेझर कटिंगच्या वर्कशॉपमध्ये आराखडा नेऊन पत्र्याचे, अ‍ॅक्रिलिकचे किंवा प्लायवूडचे कॅबिनेट करवून घेतात. या हौसेबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाच्या सर्व भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, वाट्याला येणाऱ्या जागेबद्दल. मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्डाची जागा मिलीमीटरपर्यंत आखली जाते आणि ज्या डब्यात घरातील 230 व्होल्टचा पुरवठा थेट येतो, तो मात्र उरलेल्या सांदीत कोंबला जातो. यात ग्राहकाची घाई असेलही, पण विक्रेते जी अर्धवट मापे देतात त्यांचा दोष मला अधिक वाटतो.

नेहमीचा, एटीएक्स या प्रमाणित मापाचा एसएमपीएस 150 मिमी रुंद आणि 86 मिमी उंच असतो. लांबी बहुधा 140 मिमीपासून सुरू होते आणि जास्त वॉटच्या मॉडेलमध्ये 180 मिमी किंवा त्याच्याही पुढे जाते. लहान कॅबिनेटसाठीचा एसएफएक्स मापाचा एसएमपीएस 125 मिमी रुंद, 63.5 मिमी उंच आणि 100 मिमी लांब असतो, तर एसएफएक्स-एल त्याहून 30 मिमी लांब. पण खोक्यावर छापलेली ही लांबी नुसत्या डब्याची असते. मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या काढता येणाऱ्या, एसएमपीएसच्या आतल्या बाजूला केबलचे प्लग बसतात आणि मदरबोर्डकडे जाणारी 24 पिनांची जाड जुडी प्लगमधून निघताच काटकोनात वळत नाही. तिला साधारण 30 ते 40 मिमी मोकळी जागा लागते. त्यामुळे '160 मिमीपर्यंतचा एसएमपीएस बसेल' असे लिहिलेल्या कॅबिनेटमध्ये तो बसतो खरा, पण नंतर प्लग लावायला बोटही जात नाही. ग्राफिक्स कार्डाच्या केबलचेही तेच. 600 वॉटपर्यंत वीज नेणाऱ्या नव्या प्रकारच्या जोडणीचे प्लग वितळल्याच्या तक्रारी 2022 मध्ये आल्या, तेव्हा प्लग पूर्ण न बसणे हे त्यामागचे मुख्य कारण म्हणून पुढे आले. प्लगपासून 35 मिमीच्या आत केबल वाकवू नये, असेही बजावले गेले. दाटीच्या कॅबिनेटमध्ये नेमक्या या दोन्ही गोष्टी घडतात.

वर्कशॉपमधील एक चूक मी एकाहून अधिक कॅबिनेटमध्ये पाहिली आहे. एटीएक्स एसएमपीएसच्या पाठीवरील चार स्क्रूंची छिद्रे समप्रमाणात नसतात, एक छिद्र बाकीच्यांच्या रेषेतून सरकलेले असते. ही छिद्रे अर्धा फेरा फिरवून, वरची खाली अशी कापली गेली, की एसएमपीएस उलटाच बसतो आणि त्याचा 120 मिमीचा पंखा आतल्या पत्र्याला चिकटतो. नव्वद टक्के कार्यक्षमतेचा एसएमपीएस 500 वॉट पुरवत असेल, तर जवळपास 55 वॉट उष्णता त्याच्या पोटातच तयार होते. विदर्भातल्या मे महिन्यात ती कोंडून ठेवणे म्हणजे संगणक मधूनच बंद पडण्याला आमंत्रण. असे झाले की दोष मात्र एसएमपीएसच्या कंपनीला दिला जातो.

याहून गंभीर बाब अर्थिंगची. जागा वाचवण्यासाठी एसएमपीएस कॅबिनेटच्या पुढच्या भागात बसवतात आणि मागच्या सॉकेटपासून तिथपर्यंत आतूनच एक छोटी केबल ओढतात. ही केबल तीन तारांचीच हवी. स्वस्तात बनवून घेतलेल्या केबलमध्ये अर्थची तार जोडलेलीच नसते, तेव्हा एसएमपीएसमधील फिल्टरच्या कपॅसिटरमुळे (विद्युतभार साठवणाऱ्या घटकामुळे) धातूच्या भागांवर व्होल्टेज तरंगत राहते आणि हात लावताच झिणझिण्या येतात. आपल्याकडे घरच्या सॉकेटचेच अर्थिंग अनेकदा नावापुरते असते, म्हणून याकडे 'चालायचेच' म्हणून पाहिले जाते. प्लायवूड किंवा अ‍ॅक्रिलिकच्या कॅबिनेटमध्ये तर मदरबोर्डखालची पट्टी, मागची जाळी असे धातूचे सुटे भाग अर्थला वेगळे जोडावे लागतात, हे आराखड्यात लिहिलेले मला क्वचितच दिसले.

काही उत्साही मंडळी जागा होत नाही म्हणून एसएमपीएसचे पत्र्याचे आवरणच काढून आतला बोर्ड कॅबिनेटला स्क्रू करतात. हे कोणीही करू नये. आतील मोठ्या कपॅसिटरवर चालू स्थितीत 380 व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ टिकू शकतो. केबल लांब-आखूड वाटल्या म्हणून दुसऱ्या कंपनीच्या लावणेही तितकेच धोक्याचे, कारण एसएमपीएसकडील पिनांची रचना कंपनीगणिक बदलते आणि सारखाच दिसणारा प्लग हार्ड डिस्क क्षणात जाळू शकतो.

माझी विनंती साधी आहे. कॅबिनेट विकणाऱ्यांनी जाहिरातीत प्लग आणि केबलच्या वळणासह लागणारी लांबी छापावी आणि पंख्यासमोर किती मोकळी जागा उरते तेही सांगावे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय किंवा जिल्ह्याच्या गावी काय, निकामी एसएमपीएस दुकानांत पडूनच असतात. त्यांपैकी एक-दोन, केबलसकट आणि न उघडता, मापासाठी वर्कशॉपला दिले तर पत्रा कापण्याआधीच ते आराखड्यावर ठेवून पाहता येतील.

आपला विश्वासू,
एक वाचक, नागपूर