परीक्षा कादंबरीची, उत्तरसूची सिनेमाची : वाचन-स्पर्धेच्या निकालाबाबत तक्रार

दि. १८ जानेवारी २०२५
ता. अमळनेर, जि. जळगाव

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
पुस्तक विक्री व वाचन-स्पर्धा विभाग,
मुख्य कार्यालय.

विषय : गुप्तहेर कादंबरीवरील वाचन-परीक्षेची चुकीची उत्तरसूची दुरुस्त करून फेरनिकाल लावण्याबाबत.

महोदय,
स.न.वि.वि.

आमच्या गावातल्या वाचक गटासाठी मी दिवाळीनंतर आपल्या कंपनीकडून जॉन बकन यांच्या ‘द थर्टी-नाइन स्टेप्स’ या कादंबरीच्या बारा प्रती मागवल्या. प्रत्येक प्रतीसोबत आपल्या ॲपवरच्या परीक्षेचा प्रवेश क्रमांक होता आणि परीक्षेची फी पुस्तकाच्या किमतीतच धरलेली होती. जाहिरातीत ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘सर्व उत्तरे पुस्तकातच सापडतील.’ त्या एका वाक्यावर विसंबून मी पैसे भरले. आता निकाल लागला आहे आणि पुस्तक शब्द न् शब्द वाचलेली आमची मुलं यादीत पार तळाला गेली आहेत. कारण साधं आहे. आपल्या उत्तरसूचीतली निदान सहा उत्तरं या पुस्तकात कुठेच नाहीत. ती या कादंबरीवरून निघालेल्या सिनेमांतली आहेत, आणि तीही एका नव्हे, दोन वेगवेगळ्या सिनेमांतली.

मी मोघम बोलत नाही. नायक रिचर्ड हॅनी लंडनला कुठून आला, या प्रश्नाचं आपलं ‘बरोबर’ उत्तर आहे कॅनडा. कादंबरीचं पहिलं प्रकरण उघडून पाहा. हॅनी सहा वर्षांचा असताना वडील त्याला स्कॉटलंडमधून दक्षिण आफ्रिकेत घेऊन गेले. पुढे तो खाणींचा इंजिनिअर झाला आणि ऱ्होडेशियात (आजच्या झिंबाब्वेत) पैसा कमावून सदतिसाव्या वर्षी लंडनला आला. कॅनडाचा हॅनी १९३५ सालच्या आल्फ्रेड हिचकॉक यांच्या सिनेमातला. त्याच्या घरात कोणाचा खून होतो, या प्रश्नाला आपण ॲनाबेला स्मिथ नावाच्या बाईचं नाव दिलं आहे. ही बाईसुद्धा सिनेमातलीच. कादंबरीत मरतो तो स्कडर, एक अमेरिकन पुरुष, त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारा. ग्रीसचे पंतप्रधान करोलिडिस यांना १५ जूनला लंडनमध्ये ठार मारण्याचा कट आहे, हे तोच हॅनीला सांगतो. ही गोष्ट ज्याला ठाऊक नाही, त्याला पुढची कादंबरी कळूच शकत नाही.

सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते ‘एकोणचाळीस पायऱ्या म्हणजे काय’ या प्रश्नाचं. आपलं उत्तर : हेरांच्या संघटनेचं नाव. साहेब, अख्ख्या पुस्तकाचा जीव या प्रश्नात आहे. स्कडरच्या काळ्या वहीत नोंद असते, ‘एकोणचाळीस पायऱ्या, मी मोजल्या, भरती रात्री १०.१७.’ या तुटक ओळीचा अर्थ लावत सरकारी माणसं आणि हॅनी भरतीच्या वेळांची कोष्टकं धुंडाळतात, कुठल्या किनाऱ्यावर त्या वेळेला भरती येते ते शोधतात, आणि मग केंटच्या किनाऱ्यावरच्या बंगल्यांमधून समुद्रात उतरणारे जिने मोजायला माणूस पाठवतात. पायऱ्या खऱ्याच आहेत, मोजता येतात. संघटनेचं नाव कादंबरीत ‘ब्लॅक स्टोन’ असं आहे आणि आठव्या प्रकरणाच्या शीर्षकातच ते छापलेलं आहे. आमच्या गटातल्या प्रत्येकाने इथे ‘समुद्राकडे उतरणारा जिना’ हा पर्याय निवडला आणि प्रत्येकाचे गुण कापले गेले. वर चुकीच्या उत्तराची वजाबाकी वेगळी.

खलनायकाची खूण विचारलीत आणि करंगळीचं तुटलेलं पेर हे उत्तर धरलंत. तेही सिनेमातलं. गुपित देशाबाहेर नेणारा म्हणून रंगमंचावरचा ‘मिस्टर मेमरी’ दिलात आणि गुपित म्हणून आवाज न करणाऱ्या विमान-इंजिनाचा आराखडा. कादंबरी घडते १९१४ च्या उन्हाळ्यात, पहिलं महायुद्ध तोंडावर आलेलं असताना, आणि तिथलं गुपित आहे ब्रिटिश आरमाराच्या मांडणीचं. ते चोरणारा माणूस आरमारप्रमुखाचं सोंग घेऊन थेट बैठकीत येऊन बसतो आणि सगळं डोक्यात साठवून निघून जातो. शेवटी नायक बिग बेनच्या काट्याला लोंबकळतो हे आपलं उत्तर तर हिचकॉक यांच्या सिनेमातही नाही, ते १९७८ च्या सिनेमातलं आहे. उत्तरसूची तयार करणाऱ्याने पुस्तक हातात धरलं असतं, तर शेवटचं प्रकरण समुद्रकाठच्या एका बंगल्यात, पत्त्यांच्या टेबलावर घडतं हे त्याला दिसलं असतं.

त्या शेवटच्या प्रकरणाबद्दल मला थोडं जास्त लिहायचं आहे, कारण आमच्या मुलांना ते फार भावलं. हॅनीसमोर तीन साधेसरळ इंग्रज गृहस्थ बसले आहेत. कुठे काही संशयास्पद दिसत नाही, आपण भलत्याच माणसांना पकडायला आलो की काय असं त्यालाही वाटू लागतं. मग ब्रिजचा डाव चालू असताना म्हातारा क्षणभर खुर्चीत मागे रेलतो आणि गुडघ्यावर बोटं वाजवतो. बस. हेच बोटं वाजवणं हॅनीने स्कॉटलंडच्या माळरानावर हेरांच्या म्होरक्याच्या घरात पाहिलेलं असतं. रविवारी संध्याकाळी वाचनालयाच्या ओट्यावर आम्ही हे पान मोठ्याने वाचलं, तेव्हा मुलांनी ते पुन्हा वाचायला लावलं. ज्याने हे वाचलं आहे तो ‘करंगळीचं पेर’ या पर्यायावर टिकमार्क करणारच नाही. आपल्या परीक्षेत मात्र नेमका तोच नापास झाला.

आमच्या गटात अकरावीतली एक मुलगी आहे. सुट्टीच्या दिवशी घरच्यांसोबत कापूस वेचायला जाते, आणि इंग्रजी पुस्तक शब्दकोश शेजारी ठेवून वाचते. तिसऱ्या प्रकरणात स्कडरच्या वहीतली सांकेतिक लिपी उलगडते ती ‘ज्युलिया चेचेनी’ या नावावरून. ज्युलिया या नावातली पाच इंग्रजी अक्षरं पाच स्वरांच्या जागी बसतात आणि अक्षराचा वर्णमालेतला क्रमांक रोमन अंकांत लिहिला जातो. ‘जे’ हे दहावं अक्षर, म्हणून ‘ए’ या स्वरासाठी रोमन दहा. ‘यू’ एकविसावं, म्हणून ‘ई’ साठी रोमन एकवीस. लेखकाने एवढंच सांगून पुढे धाव घेतली आहे. या मुलीने उरलेले तिन्ही स्वर स्वतः मांडून काढले, वहीच्या मधल्या पानावर तक्ता आखला आणि त्या लिपीत गटातल्या सगळ्यांची नावं लिहून आणली. आपल्या निकालात ती खालून तिसरी आहे. निकाल पाहून ती मला एवढंच म्हणाली, “ताई, पुस्तकमा नही ते मी कसं लिखू?” तिच्या या प्रश्नाचं उत्तर आपण द्यायला हवं, मी नाही.

आपल्या ग्राहक सेवेला मी फोन केला, मग प्रकरणांच्या क्रमांकांसह ई-मेल केली. उत्तर आलं की उत्तरसूची तज्ज्ञांनी तयार केली आहे, निकाल अंतिम आहे आणि तक्रार बंद करण्यात आली आहे. मी दाखवलेल्या एकाही चुकीचा त्यात उल्लेख नव्हता. ती ई-मेल कोणी उघडून वाचली असावी असं मला वाटत नाही.

सिनेमांवर माझा राग नाही. हिचकॉक यांनी कादंबरीतला पाठलाग घेतला आणि बाकी बरंच काही स्वतःचं घातलं, नायकाला बेडीने जखडलेली पामेला आणली, आणि तो सिनेमा जगभर गाजला तो योग्यच गाजला. कादंबरी आहे १९१५ ची, सिनेमा वीस वर्षांनंतरचा. या दोन स्वतंत्र कलाकृती आहेत. आपल्याला सिनेमावर परीक्षा घ्यायची असेल तर खुशाल घ्या, पण मग पुस्तकं विकू नका आणि वाचनाची परीक्षा म्हणू नका.

चांगली परीक्षा काढणं अवघडही नाही. कादंबरी अवघ्या दहा प्रकरणांची आहे आणि पानोपानी असे तपशील आहेत जे वाचणाऱ्यालाच कळतात. लंडनच्या घरातून हॅनी दूधवाल्याच्या वेषात निसटतो, तेव्हा त्या दूधवाल्याला काय देतो? रस्त्यावर खडी फोडणाऱ्या कामगाराचं सोंग घेतलेल्या हॅनीच्या पायातल्या बुटांवर हेराची नजर जाते, तेव्हा तो कोणती थाप मारून सुटतो? कबुतरखान्याच्या माथ्यावर लपलेला असताना त्याला झाडांच्या आड काय दिसतं? असा एक प्रश्न शंभर पर्यायी प्रश्नांना भारी आहे, कारण नुसता सिनेमा पाहून त्याचं उत्तर देता येत नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत. वादग्रस्त प्रश्नांची उत्तरं कादंबरीच्या मूळ मजकुराशी ताडून दुरुस्त करावीत आणि दुरुस्त उत्तरसूची प्रकरण क्रमांकांसह ॲपवर सगळ्यांना दिसेल अशी लावावी. सर्व स्पर्धकांच्या उत्तरांची फेरतपासणी करून नवा निकाल जाहीर करावा. फक्त आमच्या गटापुरती भरपाई नको, कारण आमच्यासारखीच पुस्तक वाचून बसलेली मुलं धुळ्यात, नंदुरबारला, राज्यभर असतील. प्रमाणपत्रं नव्या गुणांनुसार द्यावीत. यातलं काहीच करायचं नसेल, तर बाराही प्रतींमागे घेतलेली परीक्षेची फी परत करावी. पुस्तकं आम्ही ठेवणार आहोत, ती चांगली आहेत.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार आपल्या तक्रार अधिकाऱ्याने या पत्राची पोच ४८ तासांत देणं आणि एका महिन्यात तक्रार निकाली काढणं बंधनकारक आहे. ‘सर्व उत्तरे पुस्तकातच सापडतील’ असं सांगून पैसे घेणं आणि उत्तरं पुस्तकाबाहेरची धरणं, ही माझ्या मते सेवेतली त्रुटी तर आहेच, शिवाय फसवी जाहिरातही आहे. मुदतीत उत्तर आलं नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि गरज पडल्यास जळगावच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे मी राहते त्या जिल्ह्यातच मला दाद मागता येते, त्यासाठी आपल्या मुख्य कार्यालयाच्या शहरात हेलपाटे घालावे लागत नाहीत.

खरेदीची पावती, जाहिरातीचा फोटो, आमच्या गटाच्या उत्तरपत्रिका आणि कादंबरीतल्या संबंधित पानांच्या छायाप्रती सोबत जोडल्या आहेत. त्या पानांवर मी पेन्सिलने खुणा केल्या आहेत. उत्तरसूची ज्यांनी तयार केली त्यांच्यापर्यंत ही पानं पोहोचवावीत आणि त्यांनी स्वतः वाचून मला लेखी उत्तर द्यावं, ही विनंती.

कळावे,

आपली ग्राहक
(सही)
वाचक गटाच्या वतीने