येट्सच्या विजयाला ‘तिसऱ्याचा लाभ’ म्हणू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सोमवारच्या अंकात क्रीडा पानाच्या तळाशी ‘दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ’ अशा मथळ्याची इटलीतल्या २०२५ च्या जिरो द इटालिया शर्यतीची बातमी वाचली. कालपासून ती डोक्यातून जात नाही. जगातल्या तीन मोठ्या सायकल शर्यतींपैकी ही एक. आपल्याकडे तिची दखल घेतली जाते याचा आम्हा सायकलवाल्यांना आनंदच आहे. पण ब्रिटनच्या सायमन येट्सने तीन आठवड्यांची शर्यत जिंकली आणि आपण त्याच्या पदरात टाकलं काय, तर नशीब! वर, त्याच्या विजयाने रडू आलेल्या चाहत्यांना ‘अतिभावनिक’ म्हणून मोकळे झालात.

त्या चाहत्यांत मीही होतो. शनिवारी रात्री सात रस्त्याजवळच्या एका सायकल दुकानात शटर अर्धं ओढून आम्ही सगळे एका मोबाईलभोवती बसलो होतो. येट्स सुटला तेव्हा दुकानदार एका चाकाच्या तारा आवळत होता. त्याचा पान्हा हातातच राहिला, आणि त्या दिवसाचा टप्पा संपेपर्यंत ते चाक तसंच मांडीवर होतं.

तोवर पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर असलेले इसाक देल तोरो आणि रिचर्ड करापाझ एकमेकांवर नजर ठेवून राहिले, हे खरं आहे. मी जाऊ की तू जाशील, यात त्यांनी शर्यत घालवली. पण तेवढ्या वेळात येट्स काय करत होता, हे बातमीत यायला नको? फिनेस्त्रेचा घाट साडेअठरा किलोमीटरचा. चढ सरासरी नऊ टक्क्यांच्या वर, आणि माथ्याकडचे आठ किलोमीटर तर डांबरसुद्धा नाही, नुसती खडी. हा घाट त्याने तासाच्या आत चढला. इतक्या वेगाने तो आधी कुणी चढलेलं नव्हतं. असल्या चढावर पुढच्याच्या पाठीला चिकटून वारा चुकवला तरी फारसे श्रम वाचत नाहीत, ज्याच्या पायात जोर तोच पुढे जातो. मागच्यांनी भांडण केलं नसतं तरी तो वेग त्याचाच होता.

आणि येट्सच्याच संघातला वाउट फान आर्ट? तो आधीच पुढच्या तुकडीत गेला होता. माथ्यापलीकडे तो येट्ससाठी थांबला, आणि उतारावर व खालच्या खोऱ्यात, जिथे वारा खरोखर नडतो, तिथे तो वारा त्याने स्वतःच्या अंगावर घेतला. हा विचारपूर्वक टाकलेला डाव होता. त्या दिवसाचा टप्पा सुरू होताना येट्स एकूण वेळेत देल तोरोच्या १ मिनिट २१ सेकंदांनी मागे होता, संपला तेव्हा ३ मिनिटं ५६ सेकंदांनी पुढे. पाच मिनिटांहून जास्त फरक एका दिवसात फिरला. नशिबाने इतका फिरतो का?

रडू का आलं तेही सांगतो. २०१८ साली याच शर्यतीत याच येट्सच्या अंगावर तेरा दिवस आघाडीवीराची गुलाबी जर्सी होती. याच घाटावर तो कोलमडला. त्याचा प्रतिस्पर्धी ख्रिस फ्रूम ऐंशी किलोमीटर एकटा पुढे गेला आणि येट्स त्या दिवशी ३८ मिनिटांहून जास्त मागे पडला. यंदाचा मार्ग जाहीर झाला तेव्हापासून हा घाट आपल्या मनात होता, असं त्याने स्वतःच सांगितलं आहे. सात वर्षांपूर्वी ज्या घाटावर कोलमडला, तिथेच जो माणूस आपल्या मुख्य प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकतो, त्याला बघणाऱ्याचे डोळे भरून येणारच. त्यात हसण्यासारखं काही नाही.

मला हे इतकं का लागलं? आमच्या घरात हे एकदा झालेलं आहे. १९८७ साली एका मंडळाने सोलापूर ते तुळजापूर सायकल शर्यत ठेवली होती. माझा थोरला भाऊ तेव्हा टॉवेलच्या कारखान्यात होता. कॅरिअरला गठ्ठे बांधून तो तुळजापूरच्या दुकानांना माल पोचवायचा. त्याच सायकलीवर तो शर्यतीत उतरला. मडगार्ड आणि चेनकव्हर काढलं, कॅरिअरचे नट गंजलेले होते म्हणून ते तसंच राहिलं. घामाने मूठ सुटू नये म्हणून हँडलला चादरीच्या काठाची पट्टी गुंडाळली होती, ती वडिलांनी मागावरून आणून दिली होती. नाव होतं ते गिअरच्या सायकली घेऊन आलेल्या दोघांचं. घाट लागला आणि ते दोघे एकमेकांकडे बघायला लागले. दादा थांबला नाही. कुठल्या वळणावर चढ खातो आणि कुठे जरा सैल पडतो, हे गठ्ठे ओढून ओढून त्याला पाठ झालं होतं. मी वरच्या वळणावर पाण्याची कळशी घेऊन उभा होतो. त्याने पाणीसुद्धा घेतलं नाही, नुसती मान हलवली आणि गेला. तो वर पोचल्यावर मागचे दोघे दिसायलाही बराच वेळ लागला.

बक्षीस देताना पाहुणे माईकवर म्हणाले, “या दोघांच्या नादात ह्याचं फावलं.” लोक हसले. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात (आपलं नव्हे) फोटो आला तो त्या दोघांचा. पुढे कितीतरी दिवस कारखान्यात कुणीही यायचं आणि म्हणायचं, “काय, फावलं का आज?” दादा पुन्हा कुठल्या शर्यतीत उतरला नाही. आईने कितीदा विचारलं, तर “राहू दे गं” एवढंच.

म्हणून सांगतो, असा मथळा छापताना जरा विचार करत जा. मुंबई-पुणे शर्यतीत घाट आधी चढणाऱ्याला आपण ‘घाटांचा राजा’ म्हणतो. घाटात पुढे सुटणाऱ्याचं मोल मराठी वाचकाला कळतं, ते त्याच्यापासून लपवू नका.

आपण छापलेला फोटोही येट्सचा नाही. गुलाबी जर्सीतला तो पोरगा देल तोरो आहे, वय २१, आणि तो हरला त्या दिवशीही त्याच्याबद्दल आम्हाला वाईट वाटलं. येट्सचा फोटो छापून दुरुस्ती द्यावी, ही विनंती.

फोटोचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. पहाटे आम्ही तुळजापूर रस्त्याने जातो. तिथे सर्व्हिस रोडवर रात्रभर ट्रक उभे असतात, त्यामुळे सायकलवाल्याला नाइलाजाने हायवेवर जावं लागतं. खोदलेल्या चरांवरची खडी वर आली आहे. आमच्यातला एक मुलगा तिथे पडला, कोपर फुटलं. याचे फोटो जोडून मे महिन्यात आपल्याला पत्र पाठवलं होतं. ते अजून छापून आलेलं नाही. फोटो हरवले असतील तर पुन्हा पाठवतो.

आपला,
एक जुना वाचक
अशोक चौक, सोलापूर