साखालीनमधील वीस टक्के आणि निर्णयाचा अधिकार

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रशियाच्या पूर्व टोकाकडील साखालीन-1 या समुद्री तेलक्षेत्रातील भारताच्या वाट्यासंबंधी आपल्या दैनिकात जी वाचकपत्रे आली, त्यांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला आहे. ते तेल बडोद्याजवळच्या आपल्या कोयलीच्या रिफायनरीत येत नसेल, तर सरकारी कंपनीचा पैसा तिथे गुंतवायचा कशाला? बडोद्यात हा प्रश्न निघणे स्वाभाविक आहे, कारण इथल्या अनेक मराठी घरांत दोन-दोन पिढ्यांची चूल तेलाच्या नोकरीवर पेटली आहे. मात्र अंकलेश्वरच्या जमिनीवर आणि पुढे मुंबईच्या समुद्रात विहिरी खोदण्याच्या कामात नोकरी घालवलेल्या माझ्यासारख्याला या प्रश्नाचा रोख चुकलेला वाटतो.

तेल कुठे उतरते ही बाब तशी दुय्यम आहे. साखालीनचे सोकोल जातीचे तेल जपान-कोरियाच्या दारात निघते. ते तिथे विकून त्या पैशात आखाती देशांचे तेल गुजरातच्या किनाऱ्यावर आणणे हा साधा व्यवहार आहे. 2006 च्या अखेरीस एक जहाज मंगळूरला आणले गेले, त्याचे कौतुकही झाले, पण त्यात व्यापारी शहाणपणापेक्षा समारंभच अधिक होता. खरा प्रश्न असा की, त्या क्षेत्रात काय करायचे, केव्हा करायचे आणि केव्हा थांबायचे हे कोण ठरवते?

1995 च्या उत्पादन वाटप करारानुसार उभ्या राहिलेल्या या भागीदारीत अमेरिकेच्या एक्सॉनकडे 30 टक्के वाटा व संचालकपद (ऑपरेटरशिप, म्हणजे क्षेत्राचे प्रत्यक्ष काम चालवण्याचा अधिकार), जपानी कंपन्यांच्या सोडेको या संघाकडे 30 टक्के आणि रशियाच्या रोसनेफ्टच्या उपकंपन्यांकडे 20 टक्के अशी रचना होती. उरलेले 20 टक्के ओएनजीसीच्या परदेशातील कामे पाहणाऱ्या ओएनजीसी विदेश या सरकारी कंपनीने 2001 मध्ये सुमारे 1.7 अब्ज डॉलरच्या बांधिलकीवर घेतले. 2005 मध्ये तेल निघू लागले. तिथला समुद्र वर्षाचा जवळजवळ अर्धा काळ गोठलेला असतो. म्हणून चायवो क्षेत्रातल्या बऱ्याच विहिरी समुद्रात रिग (विहीर खोदण्याचा यंत्रमनोरा) न नेता किनाऱ्यावरच्या यास्त्रेब नावाच्या रिगवरून, जमिनीखालून तिरप्या आणि पुढे आडव्या नेत, खोदल्या गेल्या. 2012 मध्ये अशा एका विहिरीची लांबी 12,376 मीटर भरली आणि पुढे हा विक्रमही मागे पडला. हे किती अवघड आहे, ते ज्याने ड्रिल पाइपची जोडणी हाताळली आहे त्याला कळेल. आडव्या छिद्रात पाइप सतत खालच्या बाजूला घासत राहतो, कापलेल्या खडकाचा चुरा तळाशी बसतो, मडचा, म्हणजे छिद्रात फिरवत ठेवलेल्या चिखलासारख्या द्रवाचा, दाब जरा कमी पडला तर भिंत ढासळते आणि जरा वाढला तर खडक फुटून मड आतच नाहीसे होते. दहा किलोमीटर पलीकडच्या टोकावर काय चालले आहे, ते इकडे पंपाच्या दाबावरून आणि पाइपला लागणाऱ्या पिळावरून ओळखायचे असते. हे ज्ञान अहवाल वाचून येत नाही. रिगच्या ब्रेकवर ज्याचा हात असतो त्यालाच ते येते, आणि तो हात संचालक कंपनीचा असतो. बाकीच्या भागीदारांकडे अंदाजपत्रके, बैठकांची टिपणे आणि दर महिन्याचा कॅश कॉल, म्हणजे आपल्या वाट्याचा खर्च भरण्याची मागणी, येते. ती रक्कम मुदतीत भरली नाही तर वाट्यावरच गदा येते, त्यामुळे ते काम मात्र आपण चोख करतो.

या रचनेची किंमत 2022 मध्ये दिसली. युक्रेनवरील आक्रमणानंतर 1 मार्चला एक्सॉनने बाहेर पडण्याचे जाहीर केले आणि एप्रिलमध्ये फोर्स मेजरची, म्हणजे आवाक्याबाहेरच्या परिस्थितीमुळे करार पाळता येत नसल्याची, नोटीस दिली. 2021 मध्ये दिवसाला सुमारे 2 लाख 20 हजार बॅरल असलेले उत्पादन जुलै 2022 पर्यंत जेमतेम 10 हजारांवर आले. भारताने रशियावर कोणतेही निर्बंध घातले नव्हते, तरी आपले वीस टक्केही त्याबरोबर आटले. ऑक्टोबरमध्ये रशियाने हुकूम काढून नवी संचालक कंपनी स्थापली व आपण नव्या व्यवस्थेत आपला वाटा राखला. वाटा टिकला हे चांगलेच झाले, पण थांबण्याचा निर्णय एका भागीदाराने घेतला आणि पुन्हा सुरू करण्याचा दुसऱ्याने. पुढे 2023 च्या अखेरीस सोकोल घेऊन भारताकडे निघालेली काही जहाजे पैशांच्या व निर्बंधांच्या अडचणींमुळे समुद्रातच खोळंबली. कोयलीला तेल न पोहोचल्याची खंत करणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे.

हे केवळ रशियापुरते असते तर मी हे पत्र लिहिले नसते. मोझांबिकच्या किनाऱ्यापलीकडे रोवुमा खोऱ्यातील एरिया-1 या प्रचंड गॅस क्षेत्रात ओएनजीसी विदेशचे 16, ऑइल इंडियाचे 4 आणि भारत पेट्रोलियमच्या उपकंपनीचे 10, असे मिळून आपल्या सरकारी कंपन्यांचे 30 टक्के आहेत. संचालक असलेल्या फ्रान्सच्या टोटलकडे आहेत 26.5 टक्के! मार्च 2021 मध्ये पाल्मा गावावर सशस्त्र हल्ला झाल्यावर टोटलने एप्रिलमध्ये फोर्स मेजर जाहीर केला आणि काम चार वर्षांहून अधिक काळ ठप्प झाले. सुरक्षेचा प्रश्न खरा होता, त्याबद्दल वाद नाही. पण वाटा सर्वांत मोठा असून पुढच्या खुर्चीवर दुसराच बसलेला, ही स्थिती आपण मान्य का केली? तिन्ही कंपन्या वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून वाटे घेत गेल्या, हे त्याचे एक कारण असावे.

संचालकपद हे काही ब्रह्मवाक्य नसते, याचा दाखला आपल्याच घरी आहे. ओएनजीसीने शोधलेली, आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या समुद्रातील पन्ना-मुक्ता व ताप्ती ही तेल-वायू क्षेत्रे 1994 च्या करारानुसार ओएनजीसी 40, रिलायन्स 30 आणि एन्रॉन 30 टक्के अशा भागीदारीला दिली गेली व संचालन एन्रॉनकडे गेले. एन्रॉन बुडाल्यावर 2002 मध्ये तिचा वाटा ब्रिटनच्या बीजीने घेतला आणि संचालकपदही मागितले. तेव्हा भारतीय भागीदार अडून बसले आणि अखेर तिघांचे संयुक्त संचालन ठरले. डिसेंबर 2019 मध्ये कराराची मुदत संपली तेव्हा पन्ना-मुक्ता ओएनजीसीकडे परतले. खर्चाच्या वसुलीवरून सरकार आणि दोन खासगी भागीदार यांच्यात लवादात जे झाले ती वेगळी आणि फारशी सुखद नसलेली कहाणी आहे.

तेव्हा पेट्रोलियम मंत्रालयाने मोझांबिकमधील तिन्ही कंपन्यांचा एकच प्रतिनिधी व एकच मत ठरवावे आणि संचालकाच्या ड्रिलिंग व खरेदी विभागांत आपले अभियंते पाहुणे म्हणून न पाठवता निर्णयाच्या पदांवर नेमून घ्यावेत. तसेच परदेशातील प्रत्येक भागीदारीत किती पैसा गेला, किती परत आला आणि किती तिथल्या बँकांत अडकून पडला आहे, याचे वार्षिक विवरण संसदेपुढे ठेवावे. मोझांबिकचे काम आता पुन्हा मार्गी लागते आहे आणि वाढीव खर्चाचे कॅश कॉल दिल्लीत येऊ लागतील. त्यांवर सही होण्यापूर्वी ही मागणी करता येईल, नंतर तिला वजन राहणार नाही.

आपला,
एक निवृत्त ड्रिलिंग अभियंता
मांजलपूर, वडोदरा